डिव्हाइस ट्रीत फर्मवेअरची मेमरी कशी राखायची: सोमवारच्या रीबूटवरून शिकलेली पूर्ण कृती

दर मंगळवारी सकाळी सातच्या आत शिरोलीहून फोन ठरलेला. भट्टीवरचे मामा बोलायचे, "सायेब, तुमचं खोकं परत गप पडलंय बघा. लाइट लागलीय, पण काय बोलंना झालंय."

खोकं म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं तापमान टिपून ठेवणारं आमचं यंत्र. आत एक गिगाबाइट मेमरीचा, कॉर्टेक्स-ए५३ कोअरचा एआरएम बोर्ड आणि त्यावर लिनक्स. आठवडाभर ते बिनतक्रार चालायचं. त्या फौंड्रीला सोमवारी सुट्टी, म्हणून सोमवारी रात्री क्रॉनमधून एक रीबूट लावून ठेवला होता. तो रीबूट तेवढा पुरा व्हायचा नाही. मामा प्लग काढून परत घालायचे, की खोकं सुरू. मी पॉवर सप्लाय बदलला, एसडी कार्ड बदललं, इंडक्शन भट्टीच्या विजेला शिव्या दिल्या. शेवटी एका सोमवारी रात्री सीरियल केबल लावून स्वतःच तिथे बसलो. कन्सोलवर शेवटची ओळ आली, 'रीबूट: रिस्टार्टिंग सिस्टिम', आणि त्यापुढे काही नाही.

त्या ओळीनंतर लिनक्सचं काम संपलेलं असतं. चौसष्ट-बिट एआरएमवर कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सहसा स्वतः बोर्ड रीसेट करत नाही. तो पीएससीआय नावाच्या ठरलेल्या पद्धतीने खालच्या फर्मवेअरला हाक मारतो: बाबा, आता तू बंद करून चालू कर. ते फर्मवेअर म्हणजे बीएल३१, आणि ते आमच्या बोर्डावर साध्या डीडीआर रॅममध्येच बसलेलं होतं. ती जागा त्याची आहे हे कर्नेलला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम डिव्हाइस ट्रीचं, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे याची यादी असलेल्या फाइलचं. आठवडाभर तापमानाच्या नोंदी लिहिता लिहिता कर्नेलने ती पेजेस, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, मोकळी समजून वापरली होती. हाक मारली तेव्हा घरात घरमालकच उरला नव्हता.

चूक माझीच होती, आणि ती नेमकी कशी झाली ते पुढे येईलच. आधी एक सूचना. या लेखात प्रॉपर्टी, फाइल आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, ती टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करायची. आणि जिथे 'हेक्स' म्हटलंय तो आकडा सोळाच्या पायाचा.

रॅममध्ये आधीपासून कोण बसलेलं असतं

कर्नेल सुरू होतो तेव्हा रॅम रिकामी असते असं आपण धरून चालतो. ती रिकामी नसते. एआरएमवर बीएल३१ असतं, काही बोर्डांवर ऑप-टीसारखी सुरक्षित ओएस असते. रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर त्याच कामाचं ओपनएसबीआय असतं आणि ते सहसा रॅमच्या अगदी सुरुवातीला बसतं. बूटलोडरने (कर्नेल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमने) स्क्रीनवर लोगो दाखवला असेल तर त्याचा फ्रेमबफर, म्हणजे चित्र ठेवायची जागा, असतो. डीएसपी किंवा मोडेमसारखा दुसरा प्रोसेसर असेल तर त्याचाही एक तुकडा असतो. रास्पबेरी पायच्या जुन्या डिव्हाइस ट्रीत तर अगदी पहिलं चार किलोबाइटचं पेज राखलेलं दिसतं, कारण बाकीचे कोअर जागे होईपर्यंत ज्या छोट्या कोडमध्ये फिरत बसतात तो कोड तिथे असतो.

पीसीवर हा सगळा नकाशा बायोस किंवा यूईएफआय कर्नेलच्या हातात देतं. छोट्या बोर्डांवर ते काम डिव्हाइस ट्री करते. तिच्यातला 'मेमरी' नोड, म्हणजे एक नोंद, सांगतो की एकूण जागा किती, आणि 'रिझर्व्ड-मेमरी' नोड सांगतो की त्यातली कुणाकुणाची आधीच धरलेली आहे. दुसरा नोड नसेल तर पहिल्यातलं सगळं कर्नेलचं.

रुमाल, आमदारांची सीट आणि ड्रायव्हरची केबिन

राखीव जागेचे तीन प्रकार आहेत आणि गोंधळ इथेच होतो. आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या पोराला मी हे गारगोटीच्या एसटीवरून समजावतो.

नोडमध्ये फक्त पत्ता आणि आकार लिहिला, दुसरं काही नाही, तर तो खिडकीतून टाकलेला रुमाल. त्या सीटवर कर्नेल कुणाला बसवत नाही, पण सीट बसमध्येच आहे. म्हणजे ती मेमरी कर्नेलच्या नेहमीच्या नकाशात येते, तिला व्हर्च्युअल ॲड्रेस मिळतो. लोगोचा फ्रेमबफर किंवा कोसळलेल्या कर्नेलची नोंद ठेवणाऱ्या रॅमूप्ससारख्या गोष्टींना हे पुरतं.

'रीयूझेबल' लिहिलं की ती आमदारांची सीट. आमदार येईपर्यंत कुणीही बसा, ते आले की उठा. कर्नेल तिथे उठवता येतील अशीच पेजेस बसवतो आणि ड्रायव्हरने मागणी केली की ती दुसरीकडे हलवतो. 'शेअर्ड-डीएमए-पूल' हे कम्पॅटिबल आणि रीयूझेबल एकत्र आलं की त्याचा सीएमए पूल, म्हणजे सलग मेमरीचा सामाईक साठा, होतो. कॅमेरा, व्हिडिओ डिकोडर यांच्यासाठी हे उत्तम. फर्मवेअरसाठी मात्र हे अजिबात वापरायचं नाही. बीएल३१ आधीपासून सीटवर बसलेलं आहे, ते नंतर येणारं आमदार नव्हे.

'नो-मॅप' म्हणजे ड्रायव्हरची केबिन. तिथे बसायचं तर नाहीच, जाता जाता हातही टेकायचा नाही. कर्नेल त्या जागेचा नेहमीच्या नकाशात समावेशच करत नाही.

नुसत्या रुमालाने का भागत नाही, हे नीट समजून घ्या. आधुनिक प्रोसेसर अंदाजाने पुढची मेमरी वाचून ठेवतो. एखादी जागा साधी रॅम म्हणून नकाशात असेल, तर तुमच्या कोडने तिला कधी हात लावला नसला तरी प्रोसेसर तिथलं वाचायला जाऊ शकतो. ती जागा ट्रस्टझोनने, म्हणजे एआरएमच्या हार्डवेअरमधल्या सुरक्षेच्या भिंतीने, कुलूपबंद केलेली असेल तर उलट उत्तर एररचं येतं, आणि तेही त्या क्षणी नाही, थोड्या वेळाने, भलत्याच कोडच्या अंगावर. एआरएमवर हा 'एस-एरर' दिसतो. स्टॅक ट्रेसमध्ये ज्याचं नाव येतं त्याचा गुन्ह्याशी संबंध नसतो. मग माणूस चार दिवस वायफायच्या ड्रायव्हरमध्ये डोकं खुपसून बसतो.

म्हणून माझा नियम सरळ आहे: चालू असलेलं, सुरक्षित बाजूचं फर्मवेअर असेल तर नो-मॅप. 'नो-मॅप' आणि 'रीयूझेबल' एकाच नोडमध्ये कधीच येत नाहीत, ते स्पेसिफिकेशनलाच मान्य नाही.

नो-मॅप फुकट मिळत नाही, हेही सांगायला हवं. कर्नेल आपला नकाशा दोन मेगाबाइट किंवा एक गिगाबाइटच्या मोठ्या तुकड्यांत मांडतो, म्हणजे पेज टेबल आटोपशीर राहतं. मध्येच छोटं भोक पडलं की तिथे बारीक तुकडे करावे लागतात. एवढ्यासाठी ओपनएसबीआयने मध्यंतरी आपल्या जागेवरचं नो-मॅप काढून टाकलं होतं, म्हणजे लिनक्सला एक गिगाबाइटची मोठी पेजेस वापरता यावीत. नुसता रुमाल ठेवला. मग २०२३ मध्ये रिस्क-फाइव्हवर हायबरनेशन आलं. हायबरनेशनमध्ये कर्नेल नकाशातली मेमरी डिस्कवर उतरवायला निघतो. तो ओपनएसबीआयच्या जागेला हात लावायला गेला, आणि ती जागा तर हार्डवेअरने अडवलेली. शेवटी कर्नेलमध्ये ती सोय 'सगळीकडे चालेलच असं नाही' अशा खुणेमागे ठेवावी लागली. थोडा वेग मिळवायला केबिनचं दार काढलं, ते असं अंगाशी आलं.

पत्ता आणि आकार शोधणे

इथे अंदाज नको, आणि कुठल्यातरी दुसऱ्या बोर्डाच्या फाइलमधून उचललेला आकडाही नको. आकडा फर्मवेअरकडूनच घ्यायचा.

ओपनएसबीआय सगळ्यात सरळ. सुरू होताना ते कन्सोलवर स्वतःचा 'फर्मवेअर बेस' आणि 'फर्मवेअर साइझ' छापतं. क्यूईएमू या एम्युलेटरच्या 'व्हर्ट' मशीनवर बेस हेक्स ८००००००० दिसेल. हातात बोर्ड नसेल तर सराव तिथेच करा.

टीएफ-ए (बीएल३१ ज्यात येतं ते फर्मवेअर) वापरत असाल तर तुमच्या प्लॅटफॉर्मच्या 'प्लॅटफॉर्म-डेफ' हेडर फाइलमध्ये बीएल३१चा बेस आणि कमाल हद्द दिलेली असते. बांधणीनंतरच्या मॅप फाइलमध्ये शेवटचा पत्ता पाहा, पण राखताना हद्दीपर्यंतची पूर्ण जागा राखा. आज फर्मवेअर ९० किलोबाइटचं असेल, उद्या डीबग बिल्ड केलं की फुगेल. ऑप-टीसाठी 'सीएफजी-टीझेडडीरॅम-स्टार्ट' आणि 'साइझ' हे दोन आकडे बघा. त्याची सामाईक मेमरी वेगळी असते आणि तिचे नियमही वेगळे.

फर्मवेअरचा सोर्सच मिळत नसेल, फक्त विक्रेत्याची तयार इमेज असेल, तर त्याच इमेजवर बोर्ड चालू करा आणि तिथली जिवंत ट्री बाहेर काढा. डीटीसी या डिव्हाइस ट्रीच्या कंपायलरला इनपुटचा प्रकार 'एफएस' द्या, 'प्रॉक' खालची 'डिव्हाइस-ट्री' डिरेक्टरी दाखवा, आणि आउटपुट डीटीएस, म्हणजे ट्रीचा वाचता येणारा मजकूर, मागा. त्यात रिझर्व्ड-मेमरी काय आहे ते वाचा.

हे आकडे पाठ असू द्या, रोज लागतात: हेक्स १००० म्हणजे ४ किलोबाइट, हेक्स ४०००० म्हणजे २५६ किलोबाइट, हेक्स १००००० म्हणजे १ मेगाबाइट, हेक्स २००००० म्हणजे २. एक शून्य कमीजास्त झालं की सोळापट फरक पडतो. मी एकदा २५६ किलोबाइटऐवजी ४ मेगाबाइट राखले होते, तेव्हा काही बिघडलं नाही. उलटं झालं असतं तर बिघडलं असतं.

सुरुवात आणि आकार दोन्ही पेजच्या हद्दीवर हवेत. बहुतेक कर्नेल ४ किलोबाइटच्या पेजवर बांधलेले असतात, पण ६४ किलोबाइटच्या पेजवर बांधलेला कर्नेल वापरणार असाल तर ६४ च्या पटीतच राखा. नाहीतर हद्दीवरचं अर्धं पेज कुणाचं, हा वाद उरतो.

नोड लिहिणे

आमच्या बोर्डावर रॅम हेक्स ४००००००० पासून सुरू होते आणि बीएल३१ पहिल्या २५६ किलोबाइटमध्ये बसतं. नोडचा साचा असा:

```
रिझर्व्ड-मेमरी {
    #ॲड्रेस-सेल्स = <२>;
    #साइझ-सेल्स = <२>;
    रेंजेस;

    सेकमॉन@४००००००० {
        रेग = <० हेक्स४००००००० ० हेक्स४००००>;
        नो-मॅप;
    };
};
```

साध्या दिसणाऱ्या या आठ-दहा ओळींत तीन खड्डे आहेत.

पहिला, 'रेंजेस'. त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही म्हणून पुष्कळ जण ती ओळ फालतू समजून उडवतात. ती रिकामीच असायची आहे, पण असायलाच हवी. लिनक्स हा नोड वाचताना पहिल्यांदा हेच तपासतो: रेंजेस आहे का, आणि दोन्ही सेल्सचे (पत्ता आणि आकार प्रत्येकी किती आकड्यांत लिहायचा याचे) आकडे मुळाच्या नोडशी जुळतात का. यातलं एक जरी चुकलं तर तो सगळा रिझर्व्ड-मेमरी नोडच बाजूला ठेवतो. लॉगमध्ये 'अनसपोर्टेड नोड फॉरमॅट, इग्नोरिंग' अशी एक ओळ टाकतो आणि पुढे जातो. बूट थांबत नाही, म्हणून ती ओळ कुणी वाचत नाही.

दुसरा खड्डा सेल्सचा. वरच्या साच्यात पत्त्याला दोन आणि आकाराला दोन, म्हणून 'रेग'मध्ये चार आकडे. बत्तीस-बिट बोर्डाच्या फाइलमधून दोनच आकड्यांचा 'रेग' उचलून इथे डकवला तर 'इनव्हॅलिड रेग प्रॉपर्टी, स्किपिंग नोड' असा शेरा मिळतो. पण तसले दोन तुकडे एकामागे एक लिहिलेले असतील, तर आकडे चार भरतात, तक्रार काहीच येत नाही, आणि भलताच पत्ता राखला जातो.

तिसरा खड्डा नावाचा. ॲटच्या चिन्हापुढचा आकडा 'रेग'मधल्या पत्त्याशी जुळला पाहिजे. न जुळल्यास डीटीसी फक्त इशारा देतं. कर्नेलला फरक पडत नाही, पण पुढे वाचणाऱ्याला पडतो.

पत्त्याशिवाय नुसता आकार देऊन 'कुठेही जागा दे' असंही सांगता येतं. त्यासाठी 'साइझ', 'अलाइनमेंट', 'अलॉक-रेंजेस' आहेत. आधीच ठाण मांडून बसलेल्या फर्मवेअरला त्याचा उपयोग शून्य. डीएसपीसारख्या प्रोसेसरचं फर्मवेअर ठरावीक पत्त्यासाठी लिंक केलेलं असेल तर तिथेही पत्ता द्यावाच लागतो, आणि शिवाय त्या डिव्हाइसच्या नोडमधून 'मेमरी-रीजन' प्रॉपर्टीने या राखीव नोडकडे बोट दाखवावं लागतं. बीएल३१ला कुणाचं बोट लागत नाही. त्याचा ड्रायव्हर नसतो.

जुन्या फाइलींत सगळ्यात वर 'मेमरिझर्व्ह' अशी एक ओळ सापडेल. तोही रुमालच, तिला नो-मॅप लावता येत नाही. तीच जागा खाली नो-मॅप नोडमध्येही लिहिली तर दोघांची गाठ पडते: जागा आधीच राखलेली दिसली तर कर्नेल तिला नकाशातून काढायला नकार देऊ शकतो आणि 'फेल्ड टू रिझर्व्ह मेमरी' म्हणतो. एकाच ठिकाणी लिहा, नोडमध्ये.

निरोप कुठे हरवतो

आता माझी चूक. जुना कर्नेल विक्रेत्याचा होता, ४.४ च्या घरातला. चौसष्ट-बिट एआरएमवर ४.६ च्या आधीच्या कर्नेलला स्वतःच्या इमेजच्या खालची रॅम वापरताच येत नसे. आमची इमेज हेक्स ४००८०००० वर उतरायची. म्हणजे तिच्या खालचे ५१२ किलोबाइट आपोआप अस्पर्श राहायचे आणि बीएल३१ त्यात सुखाने बसायचं. डिव्हाइस ट्रीत राखीव नोड नव्हता, पण कुणाचं काही अडत नव्हतं. मी नवा कर्नेल आणला आणि जुनीच डीटीएस डागडुजी करून पुढे चालवली. नव्या कर्नेलने खालची रॅमही ताब्यात घेतली. वर्षानुवर्षं जे नशिबावर चाललं होतं ते एका अपग्रेडमध्ये संपलं.

गंमत म्हणजे फर्मवेअरने आपलं काम केलं होतं. नवं टीएफ-ए स्वतःचा राखीव नोड ट्रीमध्ये घालत होतं, पण ती ट्री यू-बूट या बूटलोडरच्या हातातली. यू-बूट मग एसडी कार्डवरून कर्नेलसाठी दुसरी डीटीबी फाइल (डीटीएसचं कंपाइल केलेलं रूप) उचलायचा आणि तीच पुढे द्यायचा. फर्मवेअरने निरोप सांगितला एकाला, आणि दारात उभा दुसराच. हे फक्त माझ्याकडे घडतं असं नाही. ऑलविनरच्या एच६१६ चिपची कर्नेलमधली डिव्हाइस ट्री उघडा. तिथे हेच २५६ किलोबाइट, याच पत्त्यावर, नो-मॅप लावून हाताने लिहिलेले आहेत, आणि वर टीप आहे की बीएल३१ हे स्वतःच घालतं पण काही बूटलोडर ते कर्नेलच्या ट्रीपर्यंत पोचवत नाहीत.

उपाय दोन आहेत. पत्ता कायमचा ठरलेला असेल तर डीटीएसमध्ये सरळ लिहून टाका. पत्ता बिल्डनुसार बदलत असेल तर यू-बूटकडून नोड पुढच्या ट्रीत उतरवून घ्या, किंवा यू-बूटची स्वतःचीच ट्री कर्नेलला द्या. तिचा पत्ता 'एफडीटी-कंट्रोल-ॲडर' या व्हेरिएबलमध्ये असतो. रिस्क-फाइव्हच्या यू-बूटमध्ये राखीव नोड उतरवून घेण्याची सोय आहे. दोन्हीकडे लिहिणार असाल तर नाव आणि आकडे तंतोतंत एक ठेवा. नाहीतर कर्नेल 'ओव्हरलॅप डिटेक्टेड' म्हणून ओरडेल, आणि ते बरोबरच आहे.

ओव्हरलेची, म्हणजे मूळ ट्रीवर नंतर चढवलेल्या तुकड्याची, एक अडचण याच जातीची. बूटलोडरने लावलेला ओव्हरले चालतो. कर्नेल चालू झाल्यावर लावलेला ओव्हरले राखीव मेमरीसाठी व्यर्थ, कारण हा नोड बूटच्या अगदी सुरुवातीला एकदाच वाचला जातो. गाडी सुटल्यावर रुमाल टाकून काय उपयोग.

आणि यू-बूट स्वतः कुठे काय उतरवतो तेही पाहा. कर्नेल, रॅमडिस्क आणि डीटीबी यांचे लोड ॲड्रेस राखीव जागेवर पडता कामा नयेत. 'बीडीइन्फो' कमांड राखलेल्या जागांची यादी दाखवते, ती या तीन पत्त्यांशी ताडून बघा.

नवी डीटीबी टाकण्याआधी जुनीची प्रत ठेवा आणि बूट मेनूत तिची वेगळी नोंद करा. एसडी कार्ड काढायला शिरोलीपर्यंत गाडी मारावी लागली की ही सवय आपोआप लागते.

कर्नेलला खरंच कळलं का?

डीटीएसमध्ये लिहिलं म्हणजे झालं, असं समजू नका. निरोप पोचला का हे शेवटच्या माणसालाच विचारायचं असतं, आणि शेवटचा माणूस म्हणजे चालू कर्नेल. मी याच क्रमाने बघतो.

आधी यू-बूटच्या प्रॉम्प्टवर डीटीबी लोड करून 'एफडीटी प्रिंट'ने रिझर्व्ड-मेमरी नोड छापायचा. मग बूट करून 'डीमेसेज'च्या, म्हणजे कर्नेलच्या लॉगच्या, पहिल्या शंभर ओळींत 'रिझर्व्ड मेम' शोधायचं. नवे कर्नेल तिथे सुरुवात, शेवट, आकार आणि पुढे 'नोमॅप नॉन-रीयूझेबल' असं स्पष्ट छापतात. 'नोमॅप'च्या जागी 'मॅप' दिसलं तर नो-मॅप लिहायचं राहिलंय किंवा स्पेलिंग चुकलंय. चुकीच्या स्पेलिंगची प्रॉपर्टी कर्नेल निमूट सोडून देतो.

मग 'प्रॉक'खालची 'आयओमेम' फाइल. रूट म्हणूनच वाचा, नाहीतर सगळे पत्ते शून्य दिसतात. दुरुस्तीआधी आमच्याकडे रॅमची पहिली ओळ सरळ ४००००००० पासून 'सिस्टिम रॅम' अशी होती. दुरुस्तीनंतर आधी ४००००००० पासून ४००३ आणि पुढे चार एफ इथपर्यंत 'रिझर्व्ड', आणि त्यानंतर ४००४०००० पासून 'सिस्टिम रॅम'. चौसष्ट-बिट एआरएमवर इथे एक खूण लक्षात ठेवा: नो-मॅपची जागा अशी डावीकडे, स्वतंत्र ओळीत येते. 'रिझर्व्ड' ही ओळ 'सिस्टिम रॅम'च्या पोटात, थोडी आत सरकून दिसली तर तो नुसता रुमाल आहे.

आठवड्याचा बिघाड दहा सेकंदांत

राखण बरोबर आहे हे सिद्ध करायला आठवडाभर थांबायची गरज नाही. कर्नेलमध्ये मेमटेस्टचा पर्याय चालू करून बांधा आणि बूटच्या ओळीत 'मेमटेस्ट=४' द्या. कर्नेल सुरुवातीलाच त्याच्या मते मोकळ्या असलेल्या सगळ्या रॅमवर ठरावीक नमुने लिहून परत वाचतो. राखलेल्या जागेला तो हात लावत नाही. म्हणजे न राखलेलं फर्मवेअर असेल तर ते पहिल्या काही सेकंदांतच चिरडलं जातं. 'अर्लीकॉन' जोडायला विसरू नका, कारण हे सगळं नेहमीचा कन्सोल उघडण्याआधी घडतं.

निकाल दोन तऱ्हेचे येतात. जागा हार्डवेअरने कुलूपबंद असेल तर मेमटेस्ट चालू असतानाच बोर्ड कोसळतो. कुलूप नसेल, आमच्या बोर्डासारखं, तर मेमटेस्ट मुकाट पार पडते आणि पुढे पीएससीआयच्या पहिल्या हाकेपाशी किंवा बाकीचे कोअर जागे करताना बोर्ड अडकतो. जुन्या ट्रीवर हा प्रयोग केला तेव्हा आमचा बोर्ड तिथेच थांबला. आठवड्याचं दुखणं टेबलावर, चहा निवायच्या आत. नवी ट्री टाकली, मेमटेस्ट पार, चारही कोअर वर, आणि लागोपाठ वीस रीबूट. एकही अडकला नाही.

हा प्रयोग गिऱ्हाइकाच्या चालू बोर्डावर करू नका. आणि 'डेव्हमेम'ने राखीव पत्ता वाचून बघण्याचा मोहही टाळा. कुलूप असेल तर बोर्ड जाईल, नसेल तर त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

दोन किरकोळ गोष्टी

बोर्ड यूईएफआयने बूट होत असेल तर कर्नेल रॅमचा नकाशा यूईएफआयकडून घेतो आणि ट्रीमधला मेमरी नोड बाजूला पडतो. राखीव नोड तेव्हाही वाचला जातो, पण पत्ता दिलेली प्रत्येक राखीव जागा यूईएफआयच्या नकाशातही असावी असं डिव्हाइस ट्रीचं स्पेसिफिकेशन सांगतं, आणि नो-मॅपची असेल तर 'रिझर्व्ह्ड' याच प्रकाराने. दोन नकाशांत दोन गोष्टी असल्या की पुन्हा सोमवार.

दुसरी, हात घातलाच आहे तर एक मेगाबाइट रॅमूप्ससाठी राखा. कर्नेल कोसळला तर शेवटचे शब्द तिथे लिहिले जातात, आणि रॅमची वीज न जाता रीबूट झाला तर पुढच्या बूटला 'पीस्टोर'मध्ये वाचता येतात. जागा रॅमच्या अगदी टोकाला घेऊ नका, यू-बूट स्वतःला तिथेच हलवतो आणि तुमची नोंद पुसतो. आम्ही मधली, हेक्स ६००००००० वरची घेतली. मामांना मात्र सांगून ठेवलंय की आता खोकं गप पडलं तर प्लग काढायचा नाही, आधी मला फोन. ते म्हणाले, "बरं. पण आता पडतंय कुठं?"